मिररलेस कॅमेऱ्यावर रेंजफाइंडरची वाइड लेन्स: कडा पुसट, कोपरे जांभळट आणि अनंतावर फोकस चुकतो तेव्हा

विदर्भाच्या सपाट मुलखात वाइड लेन्सचे दोष लपत नाहीत. पऱ्हाटीचे तास फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले असतात, दूरच्या धुऱ्यावर बाभळी ओळीने उभ्या असतात आणि त्यांच्यावर पांढुरके, मोकळे आकाश असते. त्यामुळे फोटोचा मधला भाग कितीही सुरेख आला तरी कडेच्या बाभळी बाहेरच्या दिशेने ओढल्यासारख्या झाल्या किंवा आकाशाचे कोपरे जांभळट दिसू लागले, की ते लगेच डोळ्यांत भरते. जुनी रेंजफाइंडर लेन्स (वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायच्या, लायकासारख्या कॅमेऱ्यांची) ॲडाप्टर, म्हणजे जोड जुळवणारी रिंग, लावून मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर वापरणारे बहुतेक जण कधी ना कधी याच ठिकाणी अडतात, लेन्सच खराब निघाली असे समजतात आणि ती पडत्या भावात विकून मोकळे होतात. माझ्या पाहण्यात अशा बहुतेक लेन्स चांगल्या असतात. ‘कोपरे खराब येतात’ या एका तक्रारीत चार निरनिराळे दोष मिसळलेले असतात. त्यांची कारणे वेगळी आहेत, उपायही वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर काहीच हाती लागत नाही. म्हणून आधी आपला दोष कोणता हे ओळखावे, आणि पैसा त्यानंतरच खर्च करावा.

हा प्रश्न मुळात या लेन्सच्या रचनेतून येतो. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो, त्याला जागा लागते आणि म्हणून निकॉन एफ माउंटचे (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते तो जोड) फ्लँज अंतर, म्हणजे त्या जोडापासून फिल्मपर्यंतचे अंतर, ४६.५ मिमी ठेवलेले आहे. २१ मिमीच्या लेन्सला इतक्या दुरून प्रतिमा पाडायची असेल तर तिची रचना रेट्रोफोकस पद्धतीची करावी लागते. तिच्यात मागचा भाग फिल्मपासून लांब राहतो आणि किरण तुलनेने सरळ खाली पडतात. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नाही. १९५४ मध्ये आलेल्या लायका एम माउंटचे फ्लँज अंतर २७.८ मिमी, आणि त्याआधीच्या ३९ मिमी स्क्रू माउंटचे २८.८ मिमी. त्यामुळे बायोगॉन, सुपर-अँग्युलॉन यांसारख्या जवळजवळ सममित रचनेच्या लेन्स बनवता आल्या, ज्यांची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते. या रचनेत सरळ रेषा सरळच राहतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या अरुंद, अंधाऱ्या मंडपात खांब वाकलेले न दिसता पूर्ण फ्रेममध्ये घ्यायचे असतील, तर हा गुण किती मोलाचा आहे हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. मात्र या गुणाची किंमत फ्रेमच्या कडेला मोजावी लागते, कारण तिथे प्रकाश फार तिरपा येऊन पडतो. फिल्मला तिरप्या प्रकाशाची फारशी अडचण नव्हती. डिजिटल सेन्सरला ती दोन प्रकारे होते, आणि हे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे ठेवणे ही निदानाची पहिली पायरी आहे.

पहिला प्रकार रंगाचा. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एक सूक्ष्म भिंग आणि त्याखाली लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो, आणि प्रकाश टिपणारा भाग त्याहून खाली असतो. किरण खूप तिरपा आला तर एका फिल्टरमधून गेलेला प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो, आणि कडेला जांभळट किंवा हिरवट झाक येते; कधी कधी दोन कडांना दोन वेगळ्या झाका येतात. २०१३ च्या सोनी ए७आरवर त्सायसची सी बायोगॉन २१ मिमी एफ/४.५ किंवा फोक्टलेंडरची कलर-स्कोपार २१ मिमी एफ/४ लावली की हे ठळकपणे दिसते. पाठीमागून प्रकाश घेणाऱ्या बीएसआय सेन्सरमध्ये प्रकाश टिपणारा भाग वर आलेला असतो, म्हणून २०१५ च्या ए७आर-२ पासून पुढच्या अशा सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर ही झाक बरीच कमी झाली. लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत सूक्ष्म भिंगे कडेला किंचित सरकवलेली असतात आणि माउंटवरच्या सहा-बिट खुणेवरून लेन्स ओळखून कॅमेरा उरलेला रंग स्वतः दुरुस्त करतो. इतर मिररलेस कॅमेऱ्यांना आपल्या ॲडाप्टरमागे कोणती लेन्स आहे हेच कळत नसल्याने ही सोय तिथे मिळत नाही.

दुसरा प्रकार पुसटपणाचा, आणि त्याचा पिक्सेलशी काही संबंध नाही. सेन्सरच्या पुढे काचेचा एक थर असतो, ज्यात अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टरही येतो. लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत हा थर सुमारे ०.८ मिमीचा, सोनीच्या ए७ मालिकेत सुमारे २ मिमीचा आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये सुमारे ४ मिमीचा आहे. निकॉन झेडमध्ये तो सोनीपेक्षा पातळ आहे. विहिरीच्या पाण्यात तिरपा बुडवलेला बांबू मोडल्यासारखा दिसतो, त्याच अपवर्तनाने या काचेतून जाणारे किरणही सरकतात, आणि जितके तिरपे तितके अधिक. २ मिमी जाडीच्या काचेमुळे मध्यभागी फोकस साधारण ०.७ मिमी मागे जातो, पण लेन्सची रिंग फिरवून आपण ते भरून काढतो. कडेला हा सरकण्याचा आकडा वेगळा असतो, शिवाय उभ्या आणि आडव्या रेषांसाठीही तो वेगळा असतो, म्हणून मध्यभाग बरोबर केला की कडा चुकतात. फिल्मसाठी आखलेल्या लेन्सच्या गणितात ही काच धरलेलीच नव्हती. बीएसआय सेन्सर घेतल्याने हा दोष जात नाही. नवा, महाग कॅमेरा घेऊनही कडा पुसटच येतात अशी ज्यांची निराशा होते, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते.

कोपऱ्यांचा काळोख हा तिसरा दोष, आणि तो बराचसा निसर्गनियम आहे. सममित लेन्समध्ये कडेचा उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरवर) २१ मिमीच्या लेन्ससाठी टोकाच्या कोपऱ्यात ही घट साधारण दोन स्टॉपची होते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि १५ मिमीसाठी तीन स्टॉपहून थोडी जास्त. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, लहान केल्याने (एफचा आकडा वाढवल्याने) नळीच्या कडांमुळे होणारा अंधार जातो, पण हा मूळ अंधार तसाच राहतो.

चौथा दोष ॲडाप्टरचा, आणि सर्वांत कमी संशय नेमका याच्यावर घेतला जातो. लायका एम ते सोनी ई ॲडाप्टरची जाडी ९.८ मिमी असायला हवी, निकॉन झेडसाठी ११.८, कॅनन आरएफ आणि एल माउंटसाठी ७.८, तर फुजी एक्ससाठी १०.१ मिमी. ५० मिमीच्या लेन्सवर या मापात किंचित चूक असली तरी फारसे बिघडत नाही, पण वाइड लेन्सवर बिघडते. ॲडाप्टर ०.०५ मिमीने, म्हणजे वहीच्या कागदाच्या साधारण निम्म्या जाडीने, जास्त जाड असेल तर ५० मिमीची लेन्स अनंतावर (अतिदूरच्या दृश्याच्या खुणेवर) ठेवूनही फोकस सुमारे ५० मीटरवर पडतो; २१ मिमीची लेन्स त्याच चुकीने ९ मीटरच्या अलीकडे येते, आणि १५ मिमीची तर फक्त साडेचार मीटरवर. म्हणजे रिंग अनंताच्या खुणेवर असताना दूरचे शिवार पुसट येते आणि दोष लेन्सला दिला जातो. ही फजिती टाळण्यासाठी पुष्कळ ॲडाप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवलेले असतात. मग अनंत खुणेच्या आधीच लागतो आणि रिंग टोकापर्यंत नेली तर ती अनंताच्या पलीकडे जाते. दोन्ही परिस्थितींत लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे निरुपयोगी ठरतात. बैलबंडी जवळ येईपर्यंत तीन मीटरची खूण लावून तयार राहण्याची जी जुनी, फार चांगली पद्धत आहे, ती अशा ॲडाप्टरवर चालत नाही.

धुऱ्यावर उभे राहून करावयाची तपासणी

घराच्या भिंतीसमोर दोन मीटरवर कॅमेरा ठेवून केलेली तपासणी मी ग्राह्य धरत नाही, कारण कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर नसेल तर एक बाजू आपोआप पुसट येते आणि आपण भलत्याच दोषामागे लागतो. आपल्याकडे त्याहून चांगले साधन आहे, ते म्हणजे लांब, सपाट क्षितिज. दूरच्या धुऱ्यावरची झाडे, उच्चदाब वाहिनीचे मनोरे, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पलीकडची पाळ, यांपैकी काहीही चालते. अट एवढीच की लक्ष्य दोनशे मीटरपेक्षा दूर असावे. लोणारच्या कड्यावर उभे राहिले तर समोरचा काठ सुमारे १.८ किमीवर असतो, तेही उत्तम. लक्ष्य अनंतावर असल्याने कॅमेरा थोडा तिरपा झाला तरी निकाल बदलत नाही.

वेळ मात्र सांभाळावी. मार्चपासून जूनपर्यंत सकाळी नऊनंतर काळ्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि त्या थरथरीत काढलेल्या फोटोत क्षितिजावरचे प्रत्येक झाड पुसट येते, लेन्स कोणतीही असो. सूर्योदयानंतरचा पहिला तास घ्यावा, किंवा पावसाळा सरल्यावरचे दिवस घ्यावेत, तेव्हा हवा धुतलेली असते. कॅमेरा तिपाईवर असावा, स्थिरीकरण बंद ठेवावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावेत. क्षितिज आधी फ्रेमच्या मधोमध ठेवून पूर्ण उघडे ॲपर्चर, एफ/५.६, एफ/८ आणि एफ/११ असे चार फोटो घ्यावेत, मध्यभाग मोठा करून फोकस साधलेला असावा. नंतर कॅमेरा थोडा वर करून क्षितिज फ्रेमच्या खालच्या कडेजवळ आणावे, म्हणजे खरे कोपरे तपासले जातात, आणि या वेळी एकदा मध्यावर फोकस करून व एकदा कोपऱ्यात फोकस करून फोटो घ्यावा.

आता हे फोटो काय सांगतात ते पाहू. दोन्ही कडा सारख्याच प्रमाणात पुसट आहेत, कोपऱ्यावर फोकस केल्यावर कोपरा बराच सुधारतो आणि मध्य बिघडतो, असे दिसले तर प्रतिमेचे प्रतल, म्हणजे जिथे फोकस पडतो तो पृष्ठभाग, वाकले आहे. याला सेन्सरवरची काच कारणीभूत आहे आणि तो आटोक्यात येण्यासारखा दोष आहे. कोपऱ्यावर फोकस करूनही कोपऱ्यातल्या फांद्या एका दिशेने फराटल्यासारख्याच राहिल्या तर तोही काचेचाच परिणाम आहे, पण त्यातला हट्टी भाग आहे. एफ/११ ला गेल्यावर पुसटपणा कमी झाला पण जांभळट झाक जशीच्या तशी राहिली, तर ती झाक सेन्सरची आहे, कारण तिरपेपणाचा कोन ॲपर्चर लहान करून बदलत नाही. या एका निरीक्षणाने रंग आणि पुसटपणा हे दोन दोष स्वच्छ वेगळे होतात.

एकच बाजू पुसट असेल तर प्रकरण निराळे आहे. कॅमेरा उलटा धरून तेच क्षितिज पुन्हा टिपावे. फोटो सरळ करून पाहिल्यावर आधी पुसट असलेली झाडे आता स्पष्ट आणि विरुद्ध बाजूची झाडे पुसट झाली असतील, तर दोष दृश्यात नाही, साहित्यात आहे. मग त्याच ॲडाप्टरवर दुसरी एम माउंटची लेन्स लावून पाहावे. तिचीही तीच बाजू पुसट आली तर ॲडाप्टर तिरका आहे; ती ठीक आली तर पहिल्या लेन्सची काच आपल्या अक्षावरून सरकलेली आहे आणि ते काम जाणकार दुरुस्ती करणाऱ्याचे आहे. जवळून फोकस करता यावा म्हणून ज्या ॲडाप्टरमध्ये पुढेमागे सरकणारी नळी दिलेली असते, त्यात काही वर्षांच्या वापरानंतर ढिलेपणा येतो. वाइड लेन्ससाठी असे ॲडाप्टर वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय, आणि त्यांची मर्यादा

ॲडाप्टरचा प्रश्न सर्वांत स्वस्तात सुटतो. जाड ॲडाप्टर बदलून घ्यावा. किंचित पातळ असलेला चालवून घेता येतो, कारण त्यावर अनंत निदान मिळतो तरी. फक्त रिंग टोकाला न नेता व्ह्यूफाइंडरमध्ये प्रतिमा मोठी करून फोकस करण्याची सवय लावावी. ज्यांना अंतराच्या खुणांवरच काम करायचे आहे त्यांनी ॲडाप्टरच्या दोन भागांमध्ये पातळ पितळी शिम (पत्र्याची चकती) बसवून माप जुळवून घ्यावे. ते चिकाटीचे काम आहे, पण एकदा केले की कायमचे होते. स्क्रू माउंटची लेन्स असेल तर मध्ये आणखी १ मिमीची रिंग येते. तिची चूकही याच हिशेबात धरावी लागते.

पुसट कडांवर पहिला उपाय ॲपर्चर. काचेमुळे होणारा फराटा रुंद शंकूने येणाऱ्या प्रकाशात वाढतो, म्हणून एफ/८ ते एफ/११ ला तो लक्षणीय घटतो. यापुढे एफ/१६ ला जाऊन फायदा होत नाही, कारण तिथे विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळीच प्रतिमा मऊ होऊ लागते. दुसरा उपाय फोकसची जागा. प्रतल वाकलेले असताना नेमक्या मध्यावर फोकस न करता मध्य आणि कड यांच्या साधारण अर्ध्यावर, ज्या ॲपर्चरला फोटो घ्यायचा त्याच ॲपर्चरला, फोकस करावा. एफ/८ ला मध्यभाग फोकसच्या खोलीत (जेवढ्या पट्ट्यात चित्र स्पष्ट राहते त्यात) सामावून जातो आणि कडा बऱ्याच सुधारतात. मंडप, वाडा, जिनिंगची शेड अशा स्थिर विषयांसाठी तिपाईवर हे सहज जमते. पोळ्याच्या मिरवणुकीत किंवा शंकरपटात ते जमणार नाही, पण तिथे मुख्य विषय कोपऱ्यात नसतोच, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

लेन्सच्या तोंडाशी, फिल्टर लावतात त्या जागी, अतिशय क्षीण बहिर्गोल काच लावून वाकलेले प्रतल सरळ करण्याचा मार्गही काही जण वापरतात. तो खरोखर काम करतो, पण प्रत्येक लेन्ससाठी योग्य क्षमतेची काच शोधावी लागते आणि ती लावल्यावर अनंत मिळण्यासाठी ॲडाप्टर पातळ असणे आवश्यक ठरते. ज्यांच्याकडे एकच आवडती लेन्स आहे त्यांनी हा खटाटोप करावा.

रंगाची झाक आणि कोपऱ्यांचा काळोख या दोहोंवर एकच उत्तम उपाय आहे, तो म्हणजे फ्लॅट-फील्ड: एकसारख्या उजेडाचा संदर्भफोटो काढून त्यातली झाक आणि काळोख मूळ फोटोतून वजा करणे. तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे दुधी ॲक्रिलिकचे तुकडे पडलेले असतात. तळहाताएवढा तुकडा पुरतो. तो लेन्सच्या तोंडाशी अगदी चिकटवून धरावा, सूर्य फ्रेममध्ये येणार नाही अशा बेताने एकसारख्या उजळ आकाशाकडे कॅमेरा वळवावा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्यावर येईल असा एक फोटो घ्यावा. हा संदर्भफोटो त्याच लेन्सचा, त्याच ॲपर्चरचा आणि शक्यतो त्याच फोकसवरचा असला पाहिजे, कारण या तिन्हींबरोबर झाकेचा नकाशा थोडा बदलतो. लाइटरूम क्लासिकच्या लायब्ररी मेनूमध्ये फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे. मूळ फोटो आणि संदर्भफोटो एकत्र निवडून ते चालवले की दुरुस्त डीएनजी फाइल तयार होते. कॅप्चर वनमध्ये हीच सोय एलसीसी या नावाने आहे. पैसे खर्च करायचे नसतील तर रॉथेरपी हे विनामूल्य सॉफ्टवेअर तेवढेच नेटके काम करते, आणि त्यात संदर्भफोटोंचा फोल्डर एकदा दाखवून ठेवता येतो. एका रिकाम्या सकाळी प्रत्येक लेन्सचे एफ/५.६, एफ/८ आणि एफ/११ चे संदर्भफोटो काढून ठेवले तर वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

मात्र फ्लॅट-फील्डने हरवलेला तपशील परत येत नाही आणि कोपऱ्यातला उजेड वाढवताना तिथला नॉइजही (रंगीत कणकणही) वाढतो. कोपरा तीन स्टॉपने उजळला म्हणजे आयएसओ १०० च्या फोटोतला तो कोपरा आयएसओ ८०० सारखा दिसणार. म्हणून अंधाऱ्या मंडपात आयएसओ वाढवण्याऐवजी तिपाई वापरावी.

एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर यातले बहुतेक प्रश्न सौम्य होतात, कारण सेन्सर लहान असल्याने लेन्सची सर्वांत बिघडणारी कड फ्रेमबाहेर राहते. २१ मिमीच्या लेन्सचा टोकाचा काळोख दोन स्टॉपवरून सुमारे एकवर येतो. दृश्यकोन मात्र फुल-फ्रेमवरच्या ३२ मिमीइतका अरुंद होतो.

सेन्सरवरची मूळ काच काढून तिथे पातळ काच बसवून घेण्याचीही सेवा मिळते आणि पुसटपणावरचा तो सर्वांत मूलगामी उपाय आहे. पण मग कॅमेऱ्याची वॉरंटी जाते, आणि त्या कॅमेऱ्यासाठी खास बनवलेल्या वाइड लेन्स, ज्यांच्या गणितात जाड काच धरलेली असते, त्याच बिघडू लागतात. लग्नसराईत ज्या बॉडीवर घर चालते तिच्यावर हा प्रयोग करू नये. जुन्या लेन्ससाठी वेगळी बॉडी ठेवणे परवडत असेल तरच त्याचा विचार करावा.

काही किरकोळ अडथळे थोडक्यात सांगतो. शटर दाबूनही फोटो निघत नसेल तर मेनूमधील ‘लेन्स नसताना रिलीज’ ही सोय सुरू करावी. स्थिरीकरणासाठी फोकल लांबी हाताने भरावी लागते. आधीच्या ५० मिमीचा आकडा तसाच राहिला तर १५ मिमीचे फोटो विनाकारण हलतात. भर उन्हात मध्यभागी धुरकट डाग येत असेल तर ॲडाप्टरची आतली बाजू चकाकते आहे का ते पाहावे आणि तिथे काळे मखमली अस्तर चिकटवावे. एफ/११ ला सेन्सरवरची धूळ स्पष्ट उमटते, म्हणून सोयाबीनच्या मळणीजवळ किंवा जिनिंगच्या आवारात लेन्स बदलू नये. ज्युपिटर-१२ सारख्या ३५ मिमी लेन्सची मागची काच इतकी बाहेर आलेली असते की ती कॅमेऱ्याच्या आतल्या भागांना घासू शकते. ती किती आत जाते हे मोजल्याशिवाय बसवू नये.

नवी खरेदी करायची असेल तर पाठीमागच्या काचेकडे पाहावे. ती माउंटच्या पातळीपलीकडे खूप आत जात असेल तर वरचे सगळे प्रश्न येणार हे गृहीत धरावे. फोक्टलेंडरची १५ मिमी सुपर वाइड हेलियार हे यातले बोलके उदाहरण आहे: १९९९ ची पहिली आवृत्ती फिल्मसाठी होती आणि तिच्या कडा डिजिटलवर जांभळ्या येतात, तर २०१५ ची तिसरी आवृत्ती डिजिटल सेन्सर डोळ्यांपुढे ठेवून नव्याने आखलेली आहे, आकाराने मोठी आहे, आणि तिच्यावर झाक फारच कमी दिसते. त्सायसच्या नावांतही खूण मिळते. बायोगॉन म्हणजे सममित घराणे, डिस्टागॉन म्हणजे रेट्रोफोकस. वापरलेली लेन्स घ्यायला नागपूर-अमरावतीला जाल तेव्हा आपला कॅमेरा आणि ॲडाप्टर बरोबर न्यावा, आणि गच्चीवरून दूरच्या इमारतींचा एक फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरला व एक एफ/८ ला घ्यावा. दोन्ही कडा सारख्याच पुसट असून एफ/८ ला सुधारत असतील तर लेन्स खुशाल घ्यावी. एकच कड पुसट असेल आणि आपल्या ॲडाप्टरची आधी खात्री करून झालेली असेल, तर ती लेन्स घेऊ नये.